बंदुकीचे सुटे भाग : निवड व कायदेशीर मर्यादा

परवान्यावर बाळगलेल्या बंदुकीचा झिजलेला, मोडलेला अथवा हरवलेला भाग काढून त्याच्या जागी बसविण्यात येणाऱ्या भागास बदली किंवा सुटा भाग म्हणतात. शिवणयंत्र, पाणी उपसण्याचा पंप, मोटार इ. यंत्रांच्या बाबतीत सुट्या भागाची निवड हा केवळ माप, दर्जा व किंमत यांचा प्रश्न असतो. बंदुकीच्या बाबतीत त्यास कायद्याचीही बाजू असते. कारण एखादा भाग बदलल्याने बंदुकीचा बोअर, नळीची लांबी, बार होण्याची पद्धत किंवा ओळख बदलली, तर परवान्यात वर्णन केलेली बंदूक आणि प्रत्यक्ष हातातील बंदूक या दोन वेगळ्या वस्तू ठरतात. परदेशातून पूर्वी आयात झालेल्या बंदुकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. त्यांचे मूळ भाग भारतात सहसा मिळत नाहीत, कित्येकदा मूळ उत्पादक कंपन्याच बंद पडलेल्या असतात आणि त्यामुळे हाती येईल तो भाग जुळवून घेण्याकडे प्रवृत्ती होते.

जालना जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात या विषयास व्यावहारिक महत्त्व आहे. कापूस, सोयाबीन, मोसंबी यांची शेती आणि गोदावरीकाठचा ऊसपट्टा यांस रानडुक्कर व रोही यांचा उपद्रव होतो. संरक्षणासाठी वा वारशाने आलेल्या बंदुका काही कुटुंबांत आढळतात. दुसरीकडे, जालना शहरात लोखंडी सळयांचे कारखाने व त्यांना पूरक यंत्रकामाची दुकाने मोठ्या संख्येने असल्याने कोणताही लहानसा धातूचा भाग लेथवर करून घेणे तेथे सोपे वाटते. हे सुलभ वाटणारे काम कायद्याच्या दृष्टीने कोठे निर्धोक आहे आणि कोठे गंभीर अपराधाचे स्वरूप धारण करते, हे समजण्यासाठी सुट्या भागांचा इतिहास, कायद्यातील व्याख्या आणि निवडीच्या कसोट्या पाहणे आवश्यक आहे.

इतिहास : जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याची आर्थर वेलस्ली याच्या सैन्याशी लढाई झाली. कंपनीच्या पायदळाजवळील चकमकीच्या बंदुका इंग्लंडहून आयात केलेल्या होत्या. त्या काळातील बंदुकीत सर्रास व सहज बदलता येणारा भाग म्हणजे घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी होय. चापयंत्रणेतील इतर भाग कारागीर कानशीने घासून एकमेकांस जुळवीत असल्याने एका बंदुकीचा घोडा वा कमान दुसरीस जशीच्या तशी बसत नसे. मोडलेला भाग शस्त्रकाराकडून नव्याने घडवून घ्यावा लागे. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ याने १७८५ मध्ये एकाच मापाच्या भागांपासून चापयंत्रणा जुळवून दाखविल्या. १८२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने यंत्रांच्या व मापकांच्या साहाय्याने परस्परविनिमयक्षम भागांच्या रायफली प्रत्यक्ष उत्पादनात आणल्या. त्यानंतर लष्करी बंदुकांचे भाग अदलाबदल करण्याजोगे झाले.

खाजगी वापराच्या उंची बंदुकांत मात्र हातजुळणीची परंपरा विसाव्या शतकातही टिकून राहिली. बर्मिंगहॅम व लंडन येथील दुनळी बंदुकांमध्ये नळ्या, त्यांखालील लोखंडी पट्टी आणि खटक्याचा सांगाडा हे त्या विशिष्ट बंदुकीपुरते एकमेकांस घासून जुळविलेले असतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या व एकाच नमुन्याच्या दोन बंदुकांच्या नळ्या परस्परांस बसतीलच असे नाही. शिकारीचा शौक असलेले संस्थानिक, जहागीरदार व अधिकारी यांनी स्वातंत्र्यापूर्वी आणि त्यानंतरही काही काळ अशा बंदुका तसेच माउझर, मॅन्लिकर इ. बनावटीच्या रायफली मोठ्या प्रमाणावर मागविल्या. त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेला मराठवाडाही त्यास अपवाद नव्हता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीचा हा वापर संपुष्टात येत गेला आणि १९८० नंतरच्या दशकात खाजगी व्यक्तींना बंदुका आयात करण्यास जवळजवळ पूर्ण अटकाव करण्यात आला. मान्यताप्राप्त नेमबाज व परदेशातील वास्तव्य संपवून परतणारे नागरिक यांच्यासाठी मर्यादित अपवाद ठेवण्यात आले. परिणामी देशात आधीपासून असलेल्या आयात बंदुका जुन्या होत गेल्या, पण त्यांच्या सुट्या भागांचा नियमित पुरवठा आटला.

कायद्यातील व्याख्या : १८७८ च्या कायद्याची जागा घेणारा शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांऐवजी आता शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. या अधिनियमाचे सुट्या भागांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे कलम २ मधील व्याख्या होत. ‘शस्त्रे’ या संज्ञेत शस्त्रांचे भाग आणि ‘अग्निशस्त्रे’ या संज्ञेत अग्निशस्त्रांचे भाग स्पष्टपणे अंतर्भूत केले आहेत. म्हणजेच बंदुकीची सुटी नळी ही केवळ पोलादाची नळी नसून कायद्याच्या दृष्टीने ती स्वतःच अग्निशस्त्र होय. बाराचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनविलेली उपकरणेही त्याच व्याख्येत येतात.

या व्यापक व्याख्येस कलम ४५ मध्ये एक मर्यादा घातली आहे. शस्त्रांचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग जवळ असणे हे, त्यांचा उपयोग स्वतःकडील अथवा दुसऱ्या कोणाकडील पूरक भागांबरोबर करण्याचा हेतू नसल्यास, अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. एखाद्याच्या घरी जुन्या बंदुकीचा सुटा चाप कपाटात पडून असेल, तर ही सवलत लागू पडते. तोच चाप बंदुकीत बसविण्यासाठी आणलेला असेल, तर मात्र सवलतीची मुख्य अट नाहीशी होते. दुरुस्तीसाठी भाग घेणाऱ्याचा हेतू उघडच तो पूरक भागांबरोबर वापरण्याचा असल्याने त्याने या कलमावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. त्याचा खरा आधार म्हणजे त्या बंदुकीचा चालू परवाना आणि परवानाधारक विक्रेत्याची पावती होय.

सुट्या भागांशी अधिनियमातील आणखी काही कलमांचा थेट संबंध येतो. कलम ५ प्रमाणे शस्त्रांचे उत्पादन, विक्री, हस्तांतरण, रूपांतर, दुरुस्ती व चाचणी यांसाठी परवाना लागतो. कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नियमांत दिलेल्या एका प्रवर्गातील बंदूक दुसऱ्या प्रवर्गात रूपांतरित करण्यासही हीच बंदी लागू झाली. कलम ८ बंदुकीवरील उत्पादकाचे नाव, क्रमांक व ओळखचिन्ह पुसण्यास, काढण्यास अथवा बदलण्यास मनाई करते. कलम १० आयात-निर्यातीसंबंधी आहे. कलम ५ व ६ यांच्या भंगास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ अन्वये किमान सात वर्षे कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. विनापरवाना दुरुस्ती ही या यादीत मोडते. साध्या यंत्रकारागिराने शेजाऱ्याच्या बंदुकीवर केलेले सद्‍भावनेचे कामही या कलमाच्या तडाख्यात सापडू शकते, हे अनेकांस ठाऊक नसते.

भागांचे वर्ग : अधिनियमात किरकोळ भागांची यादी दिलेली नाही. तरीही कार्य व ओळख यांच्या दृष्टीने बंदुकीच्या भागांचे तीन वर्ग पाडणे सोयीचे होते.

(१) दाब सहन करणारे व ओळख धारण करणारे मुख्य भाग : नळी, काडतूस ज्या पोकळीत बसते तो नळीचा मागील कक्ष, खटक्याचा सांगाडा व बोल्ट यांचा यात समावेश होतो. बंदुकीचा क्रमांक व उत्पादकाची चिन्हे सामान्यतः यांवरच ठोकलेली असतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या अग्निशस्त्रविषयक मसुदा-करारातील ‘भाग व घटक’ या संज्ञेतही नळी, सांगाडा, सरक किंवा फिरता दंडगोल, बोल्ट आणि आवाज कमी करणारी उपकरणे यांचाच नामोल्लेख आहे.

(२) कार्यकारी भाग : चाप, घोडा, घोडा अडकवून धरणारा अडणा, फायरिंग पिन, कमानी, रिकामे काडतूस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, मॅगझीन इ. भाग या वर्गात येतात. ते लवकर झिजतात व वारंवार बदलावे लागतात. त्यांवर बंदुकीचा क्रमांक सहसा नसतो. परंतु बार एकेक होतो की सतत होत राहतो, हे यांवरच अवलंबून असते.

(३) बाह्य भाग : लाकडी दस्ता, नळीखालील लाकूड, दस्त्यामागील रबराची गादी, पट्ट्याच्या कड्या, माशी व मागील निशाणपट्टी यांचा यात अंतर्भाव होतो. यांच्या बदलाने बंदुकीचा प्रवर्ग बदलत नाही. सागवान किंवा अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता बसविल्याने बंदूक कायद्याच्या दृष्टीने तीच राहते. दुरुस्ती मात्र याही बाबतीत परवानाधारकाकडूनच करून घेणे इष्ट असते.

निवडीच्या कसोट्या : भाग भारतीय आहे की परदेशी, हा प्रश्न कायदेशीर रीत्या देशात आलेल्या बंदुकीच्या बाबतीत दुय्यम आहे. बदलानंतरची बंदूक परवान्यातील वर्णनाशी व प्रवर्गाशी जुळते की नाही, ही मुख्य कसोटी होय. तिचे पुढील पाच घटक पडतात.

बोअर व काडतूस : नियमांच्या पहिल्या अनुसूचीत बंदुकांचे प्रवर्ग दिले आहेत. ०.३०३ इंच किंवा ७.६२ मिमी. बोअरच्या, तसेच त्या मापाचे लष्करी काडतूस ज्यांत बसते व उडते अशा बोल्टच्या अथवा अर्धस्वयंचलित रायफली पहिल्या, म्हणजे व्यवहारात ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवर्गात मोडतात. येथे शब्दरचना महत्त्वाची आहे. नळीचा व्यास एवढीच कसोटी नसून नळीच्या कक्षात लष्करी काडतूस बसते का, हेही पाहिले जाते. उदा., ०.३०-०६ या काडतुसाची क्रीडा रायफल भारतीय आयुध कारखान्यांनी नागरिकांसाठी तयार केलेली आहे. तिच्या काडतुसाचे कवच ६३ मिमी. लांब असते. ०.३०८ या काडतुसातील गोळीचा व्यास तोच असला, तरी त्याचे कवच ५१ मिमी. लांब असून त्याची मापे ७.६२ मिमी. च्या लष्करी काडतुसाशी व्यवहारतः एकरूप आहेत. झिजलेल्या ०.३०-०६ नळीच्या जागी बाहेरून तशीच दिसणारी ०.३०८ ची नळी बसविली, तर रायफल अप्रतिबंधित प्रवर्गातून प्रतिबंधित प्रवर्गात जाते. प्रतिबंधित शस्त्राचा परवाना केंद्र शासनाकडूनच मिळतो. जिल्हादंडाधिकाऱ्याने दिलेल्या परवान्याचे संरक्षण तेथे संपते. लष्करी काडतूस नागरिकांच्या बंदुकीत बसू नये, या धोरणामुळेच ०.३१५ इंची क्रीडा रायफल भारतात रूढ झाली. ईशापूर येथील रायफल कारखान्याने ती ली-एनफील्ड रायफलीच्या यंत्रणेवर आधारून तयार केली. यंत्रणा सारखी दिसते म्हणून ०.३०३ ची लष्करी नळी किंवा बोल्ट तिच्यासाठी निवडणे हे म्हणूनच कायदा व सुरक्षितता या दोन्ही दृष्टींनी चुकीचे आहे.

नळीची लांबी : २० इंचांपेक्षा, म्हणजे सु. ५०.८ सेंमी. पेक्षा आखूड नळीची गुळगुळीत नळीची बंदूक पहिल्या प्रवर्गात येते. परंतु त्याहून लांब नळीही परवान्याविना कापता येत नाही, कारण कलम ६ मध्ये ‘आखूड करणे’ हेच कृत्य निषिद्ध आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल नळीच्या तोंडात अडकून बार केल्यास तोंड फुगते वा फाटते. फाटलेला दोन-तीन सेंटिमीटरांचा तुकडा कापून टाकणे ही स्वाभाविक दुरुस्ती वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती स्वतंत्र परवान्याची बाब आहे.

बाराची पद्धत : चाप दाबून धरला असता गोळ्या सतत सुटत राहतील अशी बंदूक प्रतिबंधित शस्त्राच्या व्याख्येत येते. अर्धस्वयंचलित यंत्रणेत झिजलेला अडणा किंवा चुकीच्या आकाराचा बदली अडणा यामुळे एका दाबाबरोबर दोन-तीन बार होण्याचा संभव असतो. हा बिघड हेतुपूर्वक केलेला नसला, तरी तो ध्यानात येताच बंदूक वापरातून काढून परवानाधारक दुरुस्तीकाराकडे देणे आवश्यक असते.

ओळखचिन्हे : गंजलेली नळी घासून पुन्हा निळसर-काळा मुलामा देताना जुने क्रमांक पुसट होतात. क्रमांक पुसलेली बंदूक जवळ आढळल्यास, तो त्या व्यक्तीनेच पुसला असे कलम ८ अन्वये, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. म्हणून घासकामापूर्वी क्रमांकाचे छायाचित्र घेणे, तो भाग झाकून काम करण्याची लेखी सूचना देणे आणि क्रमांक असलेला मुख्य भाग बदलायचा झाल्यास परवाना प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊन परवान्यावर नोंद करून घेणे, ही दक्षता महत्त्वाची असते.

आवाज व ज्वाला : नळीच्या तोंडावर बसविण्याची परदेशी उपकरणे माहितीपत्रकांत शोभेच्या किंवा धक्का कमी करणाऱ्या वस्तू म्हणून दाखविलेली असतात. त्यांपैकी आवाज वा ज्वाला कमी करण्यासाठी बनविलेले उपकरण स्वतंत्रपणे पहिल्या प्रवर्गात मोडते. ज्या उपकरणाचे कार्य निश्चित सांगता येत नाही, ते न बसविणे हेच योग्य होय.

सुरक्षिततेची बाजू : कायदेशीर कसोट्यांस उतरणारा प्रत्येक भाग सुरक्षित असतोच असे नाही. नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून बंदुकीची परीक्षा घेण्याच्या पद्धतीस ‘प्रूफ’ म्हणतात आणि त्यात उतरलेल्या नळीवर विशिष्ट चिन्ह ठोकले जाते. बर्मिंगहॅम येथील परीक्षागृह १८१३ मध्ये स्थापन झाले. इंग्रजी बनावटीच्या जुन्या बंदुकीवरील या चिन्हांवरून ती केवळ काळ्या दारूसाठी तपासलेली आहे की धूरहीन दारूसाठीही, हे कळते. पोलाद व लोखंड यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या नक्षीदार नळ्यांच्या बाबतीत ही तपासणी विशेष आवश्यक असते.

१२ बोअर म्हणजे नळीत सैल न होता बसणाऱ्या शिशाच्या बारा समान गोळ्यांचे वजन एक पौंड, म्हणजे सु. ४५४ ग्रॅ. भरते असे माप होय. त्याचा व्यास सु. १८.५ मिमी. असतो. बोअर एक असला तरी काडतूस-कक्षाची लांबी वेगवेगळी असते. जुन्या इंग्रजी बंदुकांचे कक्ष बहुधा ६५ मिमी. चे, तर अलीकडील बंदुकांचे ७० किंवा ७६ मिमी. चे असतात. काडतुसाची छापील लांबी ही उडाल्यानंतरची असते. त्यामुळे ७० मिमी. चे काडतूस ६५ मिमी. च्या कक्षात बसते, परंतु उघडताना त्याचे तोंड नळीच्या अरुंद भागात शिरून दाब धोकादायक रीत्या वाढतो. काडतूस बसले म्हणजे जुळले, हा समज यामुळे घातक ठरतो.

रायफलीत बोल्टचे तोंड व कक्षातील काडतुसाचा आधार यांमधील अंतर ठराविक मर्यादेत असावे लागते. ते वाढल्यास कवच फाटून तप्त वायू मागे, बार करणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतात. म्हणून बोल्ट एका रायफलीतून काढून दुसरीत घालू नये. घालणे अपरिहार्य असल्यास मापकाने अंतर तपासून घ्यावे. फायरिंग पिन अधिक लांब झाली तर काडतुसाची टोपी भेदली जाते, आखूड झाली तर बार फुसका जातो. तिच्यासाठी योग्य जातीचे पोलाद व त्यावरील उष्णतासंस्कार आवश्यक असतात. बांधकामाच्या सळईचे पोलाद इमारतीत उत्तम काम देते. पण वारंवार आघात सोसणाऱ्या टोकासाठी ते योग्य नव्हे.

भाग मिळविण्याचे मार्ग : आयात बंदुकीसाठी भाग मिळविण्याचे चार मार्ग संभवतात. मूळ उत्पादकाचा जुना साठा असलेला परवानाधारक विक्रेता हा पहिला व निर्वेध मार्ग होय. दुसरा मार्ग परवानाधारक दुरुस्तीकाराने नमुन्यावरून भाग घडविण्याचा असून तो कमानी, फायरिंग पिन, दस्ता यांसारख्या भागांसाठी उपयुक्त ठरतो. तिसरा मार्ग तशाच दुसऱ्या बंदुकीतून भाग काढण्याचा आहे. ती बंदूकही परवान्यावर असते. तिची विल्हेवाट व नोंद रीतसर झाल्याशिवाय तिचे मुख्य भाग हस्तांतरित करता येत नाहीत. चौथा मार्ग परदेशातून मागविण्याचा होय. भागांचाही अग्निशस्त्रांत समावेश असल्याने कलम १० प्रमाणे परवान्याविना टपालाने अथवा सामानातून आलेला लहानसा भागही बेकायदा आयात ठरू शकतो. क्रीडा-नेमबाजीत मात्र आयात साहित्याची वाट खुली ठेवली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ज्या ५० मी. रायफल तीन स्थिती प्रकारात २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, त्या प्रकारातील ०.२२ इंची अचूक रायफली परदेशी बनावटीच्या असतात. अशा नेमबाजांना राष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणपत्रासह व शासनाच्या अनुमतीने साहित्य आणता येते.

मूळ भाग मिळत नसल्यास देशी बंदूक घेणे हाही एक पर्याय असतो. आयुध कारखान्यांचे १ ऑक्टोबर २०२१ पासून सात शासकीय कंपन्यांत रूपांतर झाले असून त्यांतील कानपूर येथील ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड ही कंपनी शस्त्रनिर्मिती करते. पुण्याजवळील खडकी येथील कारखान्याची ‘शक्तिमान’ ही १२ बोअरची काडतुसे महाराष्ट्रात परिचित आहेत.

जिल्ह्यातील कार्यपद्धती : १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील भाग मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. अप्रतिबंधित बंदुकांच्या बाबतीत येथील परवाना प्राधिकारी जिल्हादंडाधिकारी हे असतात. दुरुस्तीसाठी बंदूक स्वतः परवानाधारकाने न्यावी हे उत्तम. वृद्धत्व वा आजार यांमुळे ते शक्य नसल्यास कलम ३ च्या परंतुकाप्रमाणे परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकते. परवान्यावर नमूद केलेल्या क्षेत्राबाहेर बंदूक न्यावयाची असल्यास आधी तशी मुभा घ्यावी लागते. दुरुस्तीकाराचा परवाना चालू आहे याची खातरजमा, बंदुकीचा क्रमांक व बदललेल्या भागाचे वर्णन असलेली पावती आणि काढलेला जुना भाग परत घेणे, या तीन गोष्टी पुढील तपासणीत उपयोगी पडतात.

वारशाच्या बंदुकांच्या बाबतीत विशेष काळजी लागते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. कलम २१ प्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतंत्र अर्ज करावा लागतो. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यास किंवा बंदूक २५ वर्षे बाळगलेली असल्यास त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. पूर्वजांनी केव्हातरी बदललेली नळी किंवा पुसट झालेला क्रमांक अशा हस्तांतरणाच्या वेळी उघड होतो. त्या वेळी जुनी पावती नसेल, तर निर्दोष वारसावरही खुलाशाचे ओझे येते. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन बंदुकांची मर्यादा घातली होती; २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. वारशानेही ही मर्यादा ओलांडता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याची मुभा नव्हे. पिकाचे नुकसान होत असले, तरी त्यासाठी वनाधिकाऱ्याची स्वतंत्र परवानगी लागते.

इतर देशांतील पद्धती : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचे स्वरूप अगदी वेगळे आहे. तेथे १९८९ मध्ये काही अर्धस्वयंचलित रायफलींच्या आयातीवर निर्बंध आले आणि १९९० च्या कायद्याने, आयातीस अपात्र असलेल्या रायफलीसारखी रायफल आयात भागांपासून देशात जुळविण्यास बंदी घातली गेली. त्यासंबंधीच्या विनियमांत नळी, बोल्ट, चाप, घोडा, दस्ता, मॅगझीनचे भाग इ. वीस भागांची यादी असून, जुळविलेल्या रायफलीत यांपैकी दहाहून अधिक भाग आयात असता कामा नयेत. त्यामुळे तेथील रायफलधारक चाप, घोडा, मूठ यांसारखे भाग देशी बनावटीचे बसवून आयात भागांची संख्या मर्यादेत ठेवतात. मॅगझीनची पेटी, आतील सरकपट्टी व तळपट्टी हे तीन भाग वेगळे मोजले जात असल्याने केवळ मॅगझीन बदलूनही ही गणना बदलते. ब्रिटनमध्ये १९६८ च्या अग्निशस्त्र कायद्यात २०१७ मध्ये सुधारणा करून नळी, कक्ष वा दंडगोल, सांगाडा आणि कक्षाच्या मागील दाब अडविणारी यंत्रणा हे नियंत्रित भाग म्हणून नावानिशी निश्चित करण्यात आले. अमेरिकेत भागांच्या उगमाची गणना, ब्रिटनमध्ये ठराविक भागांची यादी आणि भारतात सर्वच भागांचा समावेश करणारी व्याख्या व किरकोळ भागांस सशर्त सूट, असे हे तीन भिन्न मार्ग आहेत. परदेशी माहितीपत्रकात एखादा भाग ‘कायदेशीर’ म्हणून दाखविलेला असला, तरी ते विधान त्या देशापुरतेच खरे असते.

भारतीय पद्धतीत भागांची सविस्तर यादी नसल्याने निर्णयाचा भार बऱ्याच अंशी परवानाधारकावर पडतो. दस्ता, गादी व निशाणपट्टी यांच्या बाबतीत तो हलका असतो. कार्यकारी भागांच्या बाबतीत परवानाधारक दुरुस्तीकार व पावती यांनी तो पेलता येतो. नळी, सांगाडा व बोल्ट यांच्या बाबतीत मात्र भाग विकत घेण्यापूर्वीच प्राधिकाऱ्याची लेखी अनुमती मिळविणे हाच सुरक्षित क्रम होय. दुरुस्ती आधी व परवानगी नंतर, हा उलटा क्रम या विषयात चालत नाही. ज्या जुन्या बंदुकीस योग्य भाग मिळत नाही, ती परवाना प्राधिकाऱ्यास कळवून रीतसर जमा करणे किंवा कायमची निकामी करवून घेणे, हे अयोग्य भाग बसवून ती चालू ठेवण्यापेक्षा तिच्या मालकाच्या व त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने अधिक हिताचे ठरते.